सिनेगॉगसाठी सीओटू मॉनिटर घ्यावा का? अरानेट४ वापरून झाल्यावरचं मत

अरानेट४ म्हणजे तळहातात मावेल असा एक चौकोनी डबा, दोन पेन्सिल सेलवर चालतो आणि हवेत कार्बन डायऑक्साइड (सीओटू) किती आहे ते आकड्यात दाखवतो. कंपनी लाटव्हियाची. कोविडच्या काळात आमच्या सिनेगॉगसाठी, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळासाठी घेतला, अजूनही वापरतोय, आणि त्या वेळी कमिटीने जे जे काही विकत घेतलं (सॅनिटायझरचे स्टँड, कपाळाला लावायची थर्मामीटरची बंदूक, काय नि काय) त्या सगळ्यात खरा उपयोगी पडला तो हाच, म्हणून हा रिव्ह्यू. स्वस्त नाहीये हे आधीच सांगते. पाचपैकी साडेचार देईन.

आता हवेतला सीओटू मोजून व्हायरसचं काय कळणार, हा प्रश्न आमच्या मीटिंगमध्येही आलाच. व्हायरस हे यंत्र मोजत नाही, अजिबात नाही. पण आपण जो श्वास सोडतो त्यात जवळजवळ ४ टक्के म्हणजे ४०,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग) सीओटू असतो आणि बाहेरच्या मोकळ्या हवेत साधारण ४२०, त्यामुळे हॉलमध्ये आकडा जेवढा चढला तेवढी दुसऱ्याच्या छातीतून आलेली हवा आपण परत आत घेतोय असं समजायचं. ८०० ला शंभरातला जवळपास एक श्वास उसना, १४०० ला अडीच. एवढं सांगितलं की शाळा सोडून पन्नास वर्षं झालेल्या काकांनाही पटतं, मी बघितलंय. स्क्रीनवर हिरवा-पिवळा-लाल असं पण दिसतं, १००० पर्यंत हिरवं, १४०० च्या वर लाल, पण आम्ही त्या रंगांवर न जाता ८०० ची रेघ धरली कारण अमेरिकेच्या सीडीसीनेही (तिथली सरकारी आरोग्य संस्था) हवा नीट खेळतेय का याचा अंदाज घ्यायला तोच आकडा दिलाय आणि आपल्याकडे नुसतं बसणं नसतं, गाणं असतं.

गाण्याचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. १० मार्च २०२० ला अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट खोऱ्यातल्या एका कॉयरची अडीच तासांची प्रॅक्टिस झाली, ६१ जण होते, त्यातल्या एकाला लक्षणं होती, आणि शेवटी त्या एकासकट ५३ जण आजारी पडले, दोघं गेले. आता आपली शब्बातची (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस) सकाळ आठवा, तीच अडीच-तीन तासांची बैठक, सगळे मोठ्याने म्हणणार, आमेन तर छप्पर उडेल असं म्हणणार, आणि वय बघाल तर अर्धी मंडळी साठीच्या पुढची. त्याच मार्चमध्ये न्यूयॉर्कजवळ न्यू रोशेलला जो पहिला मोठा उद्रेक झाला तोही एका सिनेगॉगभोवतीच, मग त्या सिनेगॉगपासून एक मैलाच्या आतल्या शाळा, प्रार्थनास्थळं सगळी बंद करायला लागली होती.

तरी आमच्या कमिटीचं पहिलं भांडण कशावरून, तर पुसण्यावरून. बाकं किती वेळा पुसायची, सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) दोन जणांनी वापरला तर मध्ये किती दिवस ठेवून द्यायचा, तेव्यापुढे (प्रार्थना चालवणारा उभा राहतो तो चौथरा) प्लास्टिकची काच बसवायची का. एप्रिल २०२१ मध्ये सीडीसीनेच सांगितलं की वस्तूला हात लावून लागण होण्याची शक्यता प्रत्येक स्पर्शामागे १०,००० त एकाहून कमी आहे, तोवर आमचे किती लिटर सॅनिटायझर गेले देव जाणे. मेझुझाला (दाराच्या चौकटीवरची पवित्र डबी) नि सेफेर तोराला (धर्मग्रंथाची गुंडाळी) हात लावून चुंबन घ्यायचं थांबवलं होतं ते ठीकच, तोंडाचा संबंध येतो, पण काचेच्या मी पहिल्यापासून विरोधात होते. हवा काचेला वळसा घालून जाते, उलट मध्येच अडून बसते. हे तोंडाने सांगून कुणी ऐकत नव्हतं, आकडा समोर आल्यावर मात्र आवाज खाली आले. माझ्या मते या डब्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, की कोण भित्रं नि कोण बेफिकीर हा वाद संपतो आणि खिडकी उघडायची का नाही एवढाच प्रश्न उरतो.

आता खास आपल्यासाठीचा भाग, शब्बात, कारण त्या दिवशी विजेच्या वस्तू चालू-बंद करायच्या नसतात. नेहमीच्या वेबसाइटवरचे रिव्ह्यू यावर काहीच बोलत नाहीत म्हणून सविस्तर लिहिते.

स्क्रीन ई-इंकची आहे, म्हणजे पेटत नाही, चमकत नाही, कागदावर छापल्यासारखा आकडा दिसतो, बटण दाबावं लागत नाही. बझर आहे पण तो बंद करता येतो, शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत बंद आहे ना हे बघून घ्यायचं, नाहीतर अमिदा (उभ्याने मनात म्हणायची प्रार्थना) चालू असताना पिप पिप. आम्ही मोजायची वेळ पाच मिनिटांवर ठेवली आहे. फोनचं अॅप आहे, ब्लूटूथने जोडतं, ते अर्थात शब्बातला उघडायचं नाही आणि उघडायची गरजही पडत नाही कारण आकडे डब्यातच साठून राहतात, शनिवारी रात्री हवदाला (शब्बात संपल्याचा विधी) झाल्यावर अॅप उघडलं की सकाळचा अख्खा ग्राफ समोर. लोकांच्या श्वासाने आकडा बदलतो यात काही अडचण आहे का असं आम्ही आमच्या रब्बींना (धर्मगुरूंना) विचारलं, त्यांनी चालेल म्हटलं, पण तुम्ही तुमच्या रब्बींना विचारा, सगळीकडे एकच उत्तर मिळेल असं नाही. जीव वाचवायला शब्बात बाजूला ठेवता येतो, पिकुआह नेफेश सगळ्यांना माहीत आहे, पण जे शुक्रवारी दुपारी करून ठेवता येतं ते करायचं टाळून शनिवारी पिकुआह नेफेशचं नाव घेणं बरोबर नाही असं मला वाटतं.

ग्राफवरून जे कळलं ते आधी कुणाच्या डोक्यात नव्हतं. सकाळी सुरुवातीला आकडा छान असतो कारण माणसंच नसतात, दहा जमून मिन्यान (प्रार्थनेचा कोरम) पूर्ण व्हायलाच वेळ, मग तोरा वाचायला घेतात तेव्हा उशिरा येणारे सगळे येतात (हे जगभर असंच असावं), तिथून रेघ चढायला लागते आणि मुसाफ (शब्बातची जादा प्रार्थना) संपताना, शेवटची सगळ्यांनी मिळून गायची गाणी चालू असतात तेव्हा सगळ्यात वर. म्हणजे हवा सगळ्यात घाण आणि गळे सगळ्यात मोकळे एकाच वेळी. त्यावर उपाय सोपा निघाला. तोरा वाचन झालं की दहा मिनिटं सगळे बाहेर, दारं-खिडक्या उघड्या, मग मुसाफ. द्राशाही (रब्बींचं प्रवचन) त्या ब्रेकमध्ये बाहेर अंगणातच, उभ्याने ऐकावी लागते म्हणून आपोआप छोटी होते, याबद्दल रब्बी सोडून कुणाचीच तक्रार नव्हती. आणि किद्दुश (प्रार्थनेनंतरची वाइन नि खाणं)! बाजूच्या खोलीत मास्क काढून खाणं-पिणं आणि आठवडाभराच्या गप्पा, तिथला आकडा हॉलपेक्षाही वाईट. किद्दुश बाहेर नेला तो नेलाच.

दुसरी गोष्ट, बायकांची गॅलरी. मी वर बसते, आणि वर डोळे जड होतात, डोकं धरतं हे आम्ही बायका वर्षानुवर्षं म्हणतोय आणि खालून उत्तर काय तर प्रार्थनेत लक्ष नाही तुमचं. मॉनिटर वर नेऊन ठेवला तर खालच्यापेक्षा चांगलाच चढा आकडा. श्वासाची हवा गरम, ती वर जाते, वर खिडक्या कमी, साधं आहे. म्हणून ज्यांच्याकडे गॅलरी आहे त्यांनी एकावर भागवू नका, दोन घ्या, आणि एकच परवडत असेल तर तो वर ठेवा. ठेवायची जागा म्हणजे बसल्यावर नाक येतं तेवढ्या उंचीवर, खिडकीच्या झोतात नाही आणि कुणाच्या अगदी तोंडासमोरही नाही. आमच्या इथे एकजण तो सिद्दूरच्या कपाटात ठेवून द्यायचा, सुरक्षित राहील म्हणून. कपाटातली हवा उत्तम होती.

एअर प्युरिफायरबद्दल थोडं, कारण दोन्ही बरोबरच घेतले जातात. एक लक्षात घ्या, हेपा फिल्टर कण पकडतो, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के पकडतो, पण सीओटू पकडत नाही, त्यामुळे प्युरिफायर जोरात चालू असले तरी मॉनिटरचा आकडा तसाच दिसेल आणि कुणीतरी म्हणेलच की पैसे वाया गेले. नाही गेले. दुसरं म्हणजे प्युरिफायरचा ऑटो मोड बंदच ठेवायचा, एक तर तो माणसांच्या हालचालीने उडालेल्या धुळीवर स्वतःहून कमीजास्त होतो म्हणून शब्बातला नको, आणि हलाखा (धर्माचे नियम) बाजूला ठेवली तरी त्याला धूळ कळते, गर्दी कळत नाही, हॉल भरलेला असताना तो आरामात हळू फिरत बसतो. शुक्रवारी एका स्पीडवर लावायचा किंवा शब्बात टायमरवर (आधीच वेळ लावून ठेवलेला, आपोआप चालू-बंद करणारा).

किती लागतात त्याचा हिशोब करा, दुकानदारावर सोडू नका. तासाला खोलीतली हवा पाच वेळा बदलायची हे धरून चाललो तर १० बाय १२ मीटरचा हॉल, ४ मीटर उंच, म्हणजे ४८० घनमीटर, गुणिले पाच, २,४०० घनमीटर तासाला. ४०० देणारं मशीन असेल तर सहा लागतील, तेही फुल स्पीडला, आणि फुल स्पीडला सहा मशीनं लावली की हझान (प्रार्थना म्हणणारा) काय म्हणतोय ते मागच्या दोन रांगांना ऐकू येत नाही. शब्बातला माइक नाही. ऐकलं नाही तर आमेन कशाला म्हणणार? मग थोडी जास्त मशीनं मध्यम स्पीडला, भिंतीकडेला, तेव्यापासून लांब. बजेट नसेल तर कॉर्सी-रोझेंथल बॉक्स बघा, २०२० मध्ये निघालेली आयडिया आहे, एमईआरव्ही-१३ चे (बारीक कण पकडणाऱ्या दर्जाचे) चार फिल्टर आणि वर एक चौकोनी पंखा, टेपने चिकटवायचं. दिसायला भंगार पण काम करतं.

खिडक्या-दारं उघडा हे सांगणं सोपं, पण सिनेगॉगची दारं बंद का असतात ते आपल्याला माहीत आहे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये गोळीबारात ११ जण मारले गेले, २०१९ ला योम किप्पुरच्या (उपवासाचा सगळ्यात पवित्र दिवस) दिवशी जर्मनीत हाले शहरात सिनेगॉगवर हल्ला झाला तेव्हा आतली मंडळी वाचली ती बंद दरवाजा तुटला नाही म्हणून. त्यानंतर लगेच पुढच्याच वर्षी दार सताड उघडं ठेवा म्हटल्यावर आमचे सिक्युरिटी बघणारे गृहस्थ अक्षरशः हात जोडायला लागले, आणि ते चुकीचे नव्हते. आम्ही रस्त्याकडचं दार बंदच ठेवलं, अंगणाकडच्या आणि वरच्या झरोक्यांच्या खिडक्या उघडल्या, आणि एक एक्झॉस्ट फॅन बसवून घेतला. इथे मॉनिटर पुन्हा कामाला आला कारण कुठल्या दोन खिडक्या उघडल्या की पुरतंय हे आठवड्यातल्या साध्या दिवशी करून बघता येतं, सगळंच उघडायची गरज पडत नाही.

२०२० चं रोश हशाना (आपलं नवं वर्ष) आठवतंय ना, पहिला दिवस शब्बातला आला म्हणून शोफार (शिंगाचं वाद्य) दोनऐवजी एकाच दिवशी वाजला, आणि तोही बऱ्याच ठिकाणी रस्त्यावर नाहीतर बागेत उभं राहून, तोंडावर मास्क बांधलेला शोफार! आमच्यातल्या काही म्हाताऱ्या लोकांना हे सगळं म्हणजे धर्म पातळ करणं वाटत होतं. त्यांना मी रब्बी अकिवा एगर यांचं सांगायचे. १८३१ ला पोझेनमध्ये (तेव्हा प्रशियात, आज पोलंडमध्ये) कॉलरा आला तेव्हा तिथले रब्बी म्हणून त्यांनी साधारण पंधरा-पंधराच्या गटाने प्रार्थना करा, पहाटेपासून एकामागून एक गट येऊ देत, जास्त घुसायला लागले तर पोलीस उभा करा असं लेखी सांगितलं होतं, आणि प्रशियाच्या राजाने त्यांना आभाराचं पत्र पाठवलं होतं. आमची शिफ्ट लावायची पद्धत तीच, फक्त पोलिसाऐवजी गब्बाई (सिनेगॉगची व्यवस्था बघणारा), कॉलऱ्याच्या जागी कोविड आणि जोडीला हा डबा.

न आवडलेलं काय. किंमत, ती सांगितलीच. दुसरं म्हणजे हिरवा रंग बघून लोक मास्क काढतात, हिरव्याचा अर्थ त्यांना सगळं ठीक असा वाटतो, पण शेजारी खोकणारा बसला असेल तर कुठलाच आकडा कामाचा नाही, म्हणून आजारी आहे त्याने घरी थांबावं आणि त्याला कुणी नावं ठेवू नयेत हे वेगळं सांगायला लागतंच. तिसरं, आकडा वाढला की उठून खिडकी कोण उघडणार हे ठरलेलं नसेल तर सगळे आकड्याकडे बघत बसतात आणि एकमेकांकडे बघतात. आम्ही दर आठवड्याला एकाचं नाव लावतो, त्याला मधेच कुणी विचारायचं नाही.

ऑनलाइन खूप स्वस्तात सीओटू मॉनिटर म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं खरं सीओटू मोजत नाही, दुसरेच वायू मोजून अंदाज लावतं, किद्दुशची वाइन नाहीतर सॅनिटायझर जवळ आला की आकडा उड्या मारतो. एनडीआयआर सेन्सर (इन्फ्रारेड प्रकाशाने खरा सीओटू मोजणारा) लिहिलेला असेल तरच घ्या. तुमची मंडळी लहान असेल, सगळं अंगणातच होत असेल तर विकत घेऊच नका, दुसऱ्या कुणाकडून महिनाभर मागून आणा, हॉलचा स्वभाव तेवढ्यात कळतो. आणि घेतलात तर एलूल महिन्यात (रोश हशानाच्या आधीचा महिना) सेल बदला, मोकळ्या हवेत नेऊन एकदा कॅलिब्रेट करा, योम किप्पुरला दिवसभर हॉल भरलेला असतो आणि नेमका तेव्हा तो बंद पडला तर दुरुस्त करायला कुणालाच हात लावता येणार नाही.