पतसंस्थेचं फॉक्सप्रो नव्या सिस्टिमवर: मार्चएंडनंतरचा अनुभव

हौस म्हणून नाही, जुन्या एक्सपी मशीनचा मदरबोर्ड गेला म्हणून हे करावं लागलं. नव्या मशीनवर ६४ बिटचं विंडोज, त्यावर आमचं १६ बिटचं डॉस फॉक्सप्रो, म्हणजे सगळी खाती ज्यात आहेत ते जुनं डेटाबेस सॉफ्टवेअर, उघडतच नाही. सुरुवातीला व्हीडॉस (डॉसचे जुने प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून दिवस ढकलले. फुकट मिळतं, पासबुकंही नीट छापतं. माझ्या हातात असतं तर मी तिथेच थांबले असते. पण फॉक्सप्रोच्या नंतरच्या अवताराचा, व्हिज्युअल फॉक्सप्रोचासुद्धा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१५ मध्ये बंद केलाय, मग सपोर्ट नसलेलं सॉफ्टवेअर का वापरता, या ऑडिटरच्या शेऱ्याला उत्तर काय देणार? म्हणून एका कंपनीचं नवं सॉफ्टवेअर घेतलं.

नव्यात पहिला दणका म्हणजे बंद खाती जिवंत झाली. डीबीएफमध्ये (फॉक्सप्रोच्या डेटा फाइलमध्ये) नोंद डिलीट केली तरी ती जात नाही, तिच्यावर नुसती खूण पडते. पॅकची कमांड मारली तरच खरी जाते. कंपनीच्या पोराने डेटा ओढताना ती खूण बघितलीच नाही. ज्यांच्या वारसांना पैसे देऊन मोकळे झालो, ते सभासद यादीत पुन्हा हजर! वर हा म्हणतो, "मॅडम, डेटा तुमचाच आहे."

तेही निस्तरलं. एंटरचं काय करायचं?

फॉक्सप्रोत खाते क्रमांक, एंटर, रक्कम, एंटर, लगेच पुढचं खातं. आमच्या रोखपाल ताई डाव्या हाताने पिग्मीच्या यादीवर पट्टी सरकवत उजव्या हाताने सगळी यादी मारायच्या, स्क्रीनकडे न बघता. आता खाते क्रमांक टाकून एंटर दाबलं की रकमेत शून्य धरून नोंद सेव्ह! पुढच्या रकान्यात जायला टॅब लागतो, आणि तो कीबोर्डच्या डाव्या टोकाला. म्हणजे पट्टी सोडा, टॅब दाबा, ओळ पुन्हा शोधा. कंपनीला सांगितलं तर म्हणे ही चेंज रिक्वेस्ट, वेगळा चार्ज पडेल. एएमसी (वर्षाच्या देखभालीची फी) आगाऊ भरलीय ती कशासाठी?

या नव्या सॉफ्टवेअरला पाचपैकी दोनच तारे द्यायचं ठरवलं होतं. मार्चएंडने एक वाढवला. पूर्वी काम चालू असताना लाइट गेली की इंडेक्स (नोंदी शोधायची अनुक्रमणिका) बिघडायचा, मग सगळ्यांना बाहेर काढून रीइंडेक्स करत बसा. यंदा ऐन व्याज टाकताना लाइट गेली (यूपीएसच्या बॅटरीबद्दल न बोललेलंच बरं). मशीन सुरू केलं तर अर्धवट व्यवहार आपोआप मागे घेतलेला, बाकी सगळं जागच्या जागी. तेरीजही (ट्रायल बॅलन्स) पहिल्या फटक्यात जुळली. जिस्टमधली (डॉसवर मराठी लिहायच्या जुन्या पद्धतीतली) मराठी नावंही युनिकोडमध्ये बऱ्यापैकी उतरलीत. फक्त कुऱ्हाडे आणि गोऱ्हे नावाने शोधले तर सापडत नाहीत, त्यांना खाते क्रमांक विचारावा लागतो.

कुणी घेणार असाल तर डेमोला मॅनेजरला नको, रोखपालाला बसवा.

चेंज रिक्वेस्ट काही केली नाही. टॅबची कळ असलेला सुटा यूएसबी नंबरपॅड बाजारात मिळतो, तो आणून ताईंना दिला. त्याचं बिल कंपनीला पाठवलंय. अजून उत्तर नाही.