जिम बॉल, ६५ सेंमी: नऊ महिने वापरला, भांडण फक्त बुचाशी

फेब्रुवारीत गरोदरपणाचा पाचवा महिना लागला तेव्हा हा फुगवून वर बसायचा मोठा बॉल ७४९ रुपयांना मागवला. सोबत पायाने दाबायचा पंप आणि पांढरं प्लास्टिकचं बूच. एकच. जास्तीचं नाही. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण याच बुचाचं आहे.

मी अमळनेरला एका पतसंस्थेत काउंटरवर असते. दिवसभर खुर्ची. पाचव्यातच कंबर अशी धरायला लागली की संध्याकाळी गाडीवरून उतरताना ह्यांचा खांदा धरावा लागायचा. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, पोट वाढतं तसा भार पुढे जातो, कमरेची कमान वाढते, त्यात या दिवसांत सांध्यांचे बंधही सैल पडतात. एका जागी बसून राहू नकोस, थोडं चाल, थोडं हाल. हे त्यांनी सोनोग्राफी बघून, वार (प्लासेंटा) वर आहे याची खात्री करून सांगितलं. तुमची वार खाली असेल, अंगावरून रक्त जात असेल, तर माझं वाचून बॉलवर चढू नका, आधी विचारा.

बॉल फुगवून पुढच्या खोलीत ठेवला तर सासूबाई दारातच थबकल्या. "हाई काय शे वं माय? पडी जाशी नं!" पहिल्या आठवड्यात त्यांचं खरंही व्हायचं होतं. गुळगुळीत टाइल्सवर बॉल सटकतो. सतरंजी घातली, तर सतरंजीसकट सटकला. शेवटी रबरी योगा मॅट घेतली, तिचे २९९ वेगळे. बॉलच्या किमतीत हे धरूनच चला.

पहिला महिना म्हणाल तर शून्य फायदा. कंबर तशीच, वर मांड्यांना रग. एक स्टार देऊन मोकळी होणार होते. मग जळगावला एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेले. त्यांनी मोबाइलमधला माझा बसलेला फोटो बघितला आणि म्हणाल्या, "हवा कमी आहे. गुडघे वर आणि तू खड्ड्यात." बसल्यावर कुल्ले गुडघ्यांपेक्षा जरासे वर हवेत, पावलं एकमेकांपासून लांब ठेवून पूर्ण टेकलेली. नाहीतर पाठीचा बाक काढून बसल्यासारखंच होतं, मग खुर्ची काय वाईट? मी पहिल्या दिवशी भरली तेवढीच हवा धरून चालले होते. नवा बॉल एक दिवस ताणू द्यायचा आणि मग पूर्ण भरायचा, हे खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. वाचतं कोण.

मोजायची सोपी रीत सांगते. बॉल भिंतीला टेकवा, दुसऱ्या बाजूला बॉलच्या मध्याच्या उंचीवर मुलांची कंपासपेटी उभी धरा, भिंतीपासून पेटीपर्यंत टेप लावा. माझा भरला ५७. पूर्ण ६५ केला आणि त्याच संध्याकाळी फरक कळला. म्हणून माझं आधीचं मत मागे घेते.

पुढे रोज संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं. बसून कंबर हळूहळू गोल फिरवायची, पुढे-मागे करायची. मग गुडघ्यांवर येऊन बॉलला मिठी मारल्यासारखं पुढे टेकायचं. यात पोटाचा भार कमरेवरून उतरतो, आणि मला सगळ्यात जास्त आराम यातच मिळाला. ऑफिसात टेबलाखाली पायाला वीट ठेवली, अर्ध्या तासाने उठायचं ठरवलं. साहेबांना वाटायचं पाणी प्यायला जाते. झोपताना कुशीवर, गुडघ्यांमध्ये आईची जुनी गोधडी गुंडाळून. अठराशेची ती मोठी प्रेग्नन्सी उशी घ्यायची काही गरज नाही. उठताना आधी कुशीवर वळायचं, हाताचा रेटा द्यायचा, मग बसायचं. ही फुकटची गोष्ट, पण बॉलपेक्षा आधी हिने काम केलं.

आता बूच. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी शिंदखेड्याला गेले. झोक्यावर बसायला बंदी, बहिणी निंबाला झोके घेतायत आणि मी ओसरीत बॉलवर. तोही आनंदच होता. परतताना हवा काढायची होती. भावाने नखाने निघेना म्हणून पक्कड लावली. बुचाची कडा चिरली, कुणाच्या लक्षात आलं नाही. घरी येऊन भरला, आणि चार दिवसांत कंबर पुन्हा धरली. मला वाटलं, आठवा लागतोय, असंच असणार. सहज टेप लावला तर ५८! रात्रभर हवा सुटत होती आणि मी पुन्हा त्याच खड्ड्यात बसत होते.

कंपनीला मेल केला. बिल पाठवा, बुचाचा फोटो पाठवा, बॉलचा फोटो पाठवा. सहा मेलनंतर उत्तर: बूच सुटं मिळत नाही, नवा बॉल घ्या, दहा टक्के सूट देतो. अहो, रुपया-दोन रुपयांची वस्तू! मान्य आहे, पक्कड आमची. पण काढ-घाल करायची वस्तू, तर खोक्यात दोन बुचं टाकायला काय जातं? जळगावच्या खेळाच्या दुकानातली बुचं जाड निघाली. शेवटी सायकलवाल्या काकांनी जुन्या स्लिपरचा रबर कोरून, वर प्लंबरची पांढरी टेप गुंडाळून बूच करून दिलं. पैसेही घेतले नाहीत. पण त्या बुचाच्या भरवशावर पोट घेऊन बसायची हिंमत झाली नाही. शेवटचे दोन महिने फक्त गुडघ्यांवरून टेकायलाच वापरला.

"बॉलवर बसलं की नॉर्मल होते" असं कुणी सांगत असेल तर ऐकून सोडून द्या. माझं सिझर झालं, जुलैत. बॉल कमरेसाठी घेतला होता, कमरेचं काम त्याने केलं.

खरी गंमत नंतर. दीड महिन्याने मॅडमनी तपासून परवानगी दिल्यावर, एका रात्री पोरगी दोन तास रडत होती. तिला छातीशी धरून बॉलवर बसले, पाय घट्ट रोवून, अगदी हळू वर-खाली. पाच मिनिटांत गप्प. आता सासूबाईच सांगतात, "तो फुगा आन वं." स्लिपरचं बूच दर चौथ्या दिवशी हवा सोडतं, मग ह्यांनी पंप मारायचा, रात्री अकरा वाजता, फस्-फस् करत.

पाचपैकी साडेतीन. बुचाचा एक कापला, आणि सहा मेलचा अर्धा.

कुणाचा ६५ चा बॉल फुटला असेल आणि बारीक दांडीचं बूच शिल्लक असेल तर सांगा, कुरिअरचा खर्च मी देईन.