कॅलिब्राइट कलरचेकर डिस्प्ले प्रो: आधी आपला पडदा, मग ग्राहकाचा

मसाल्याच्या पाकिटावरचा केशरी रंग आपल्या पडद्यावर खुलून दिसतो, ग्राहकाच्या मोबाइलवर लालसर होतो आणि छपाईत मातकट उतरतो. नेमके कुठे बिनसले हे शोधायचे, तर निदान आपला मॉनिटर तरी विश्वासाचा हवा, आणि त्यासाठी पडद्याचे रंग मोजून ते नीट लावणाऱ्या, म्हणजे कॅलिब्रेशन करणाऱ्या, कॅलिब्राइटच्या कलरचेकर डिस्प्ले प्रो या उपकरणाची मी मनापासून शिफारस करतो. पूर्वी एक्स-राइटचे आय१डिस्प्ले प्रो म्हणून मिळणारे हे उपकरण २०२१ मध्ये कॅलिब्राइटच्या नावाने आले.

मॉनिटर अर्धा तास सुरू ठेवून पांढऱ्यासाठी डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात त्याचे माप) २.२ आणि उजेड चौरस मीटरला १२० कँडेला असे लक्ष्य ठरवले की, केबलवरच्या वजनाच्या आधाराने पडद्यावर टेकलेला सेन्सर एकामागून एक उमटणारे रंगांचे चौकोन मोजत जातो आणि शेवटी त्या मॉनिटरची आयसीसी प्रोफाइल, म्हणजे तो रंग कसे दाखवतो याची नोंद असलेली फाइल, तयार होते. नवे मॉनिटर बहुधा फार प्रखर लावलेले असतात, त्यामुळे सुरुवातीला हा पडदा पिवळट, निस्तेज भासतो. पण चांगल्या उजेडात छापील प्रूफ (छपाईआधीचा नमुना) शेजारी धरले की दोन्ही किती जवळ आले आहेत ते दिसते, आणि एवढ्यासाठीच हा खर्च मला योग्य वाटतो.

ग्राहकाचा मोबाइल मात्र यामुळे सुधारत नाही. त्यामुळे फाइल एसआरजीबी या बहुतेक पडद्यांच्या सर्वसाधारण रंगसंचात रूपांतरित करून, एसआरजीबीचीच प्रोफाइल आत जोडून पाठवावी. अ‍ॅडोब आरजीबी या त्याहून मोठ्या रंगसंचातली फाइल प्रोफाइल न वाचणाऱ्या अ‍ॅपमध्ये फिकी पडते. व्हॉट्सअ‍ॅपवर ती फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी आणि आयफोन असेल तर ट्रू टोन व नाइट शिफ्ट या पडद्याची रंगछटा आपोआप बदलणाऱ्या सोयी बंद करून पाहण्याची विनंती करावी. छपाईच्या कामात भडक केशरी किंवा मोरपंखी रंगाला पडद्यावरून मंजुरी घेऊच नये, कारण नेहमीच्या चार शाईंत हे रंग तेवढ्या तेजाने उतरत नाहीत. तिथे कागदी प्रूफवर ग्राहकाची सही घ्यावी.

सोबतच्या सॉफ्टवेअरऐवजी डिस्प्लेकॅल हे मोफत सॉफ्टवेअरही या उपकरणाबरोबर चालते. स्वस्त लॅपटॉपचा पडदा मुळातच एसआरजीबीतले सगळे रंग दाखवू शकत नसेल, तर कॅलिब्रेशन करूनही ते त्यात येत नाहीत. अशांनी आधी पूर्ण एसआरजीबी दाखवणारा मॉनिटर घ्यावा आणि मगच या उपकरणात पैसे घालावेत.