सनरूफ गळू लागल्यास: घरी दुरुस्ती, ओळखीचे गॅरेज की कंपनीचे सर्व्हिस सेंटर?

सनरूफमधून पाणी ठिबकू लागले की गाडीमालकापुढे तीन वाटा असतात: घरीच हात घालणे, नाशिकच्या अंबड-सातपूरकडच्या ओळखीच्या गॅरेजात गाडी देणे, किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची वेळ घेणे. बहुतेक जण सुरुवातीलाच खर्चाची चौकशी करतात. माझ्या मते आधी पाणी नेमके कुठून आत येते ते पाहावे, कारण एकाच प्रकारच्या ओल्या डागामागे अर्ध्या तासात मिटणारे कारण असू शकते आणि छताचे अस्तर उतरवायला लावणारेही.

काचेभोवतीचे रबर बीडिंग सगळे पाणी अडवण्यासाठी बनवलेलेच नसते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. बीडिंगमधून झिरपलेले पाणी काचेखालच्या चौकटीतील पन्हळीत जमते आणि तिच्या कोपऱ्यांना जोडलेल्या बारीक नळ्यांतून गाडीबाहेर जाते. बहुतेक गाड्यांत अशा चार नळ्या असतात. पुढच्या दोन समोरच्या काचेलगतच्या खांबांतून उतरून बहुधा पुढच्या दाराच्या बिजागरीजवळ किंवा चाकामागे सुटतात, तर मागच्या दोन मागील चाकाच्या किंवा बंपरच्या आसपास. गंगापूर रोडला झाडाखाली रोज उभ्या राहणाऱ्या गाडीच्या पन्हळीत उन्हाळाभर धूळ, मोहोर आणि कडुलिंबाची पाने साठतात, पहिल्या पावसात त्याचा चिखल होतो आणि नळीचे तोंड बुजते. द्राक्षबागेतील ठिबकच्या नळ्या जशा तुंबतात तसाच हा प्रकार आहे. मात्र ठिबकसाठी वापरतात ते ॲसिड इथे चुकूनही ओतू नये.

दोषाचे निदान मात्र कोणत्याही वाटेने जायचे असले तरी घरीच करून घ्यावे. गाडी सपाट जागी उभी करून सनरूफ पूर्ण उघडावे, पन्हळीच्या पुढच्या एका कोपऱ्यात अर्धा पेला पाणी हळूहळू सोडावे आणि दुसऱ्या कोणाला तरी खाली, चाकामागे पाहायला सांगावे. पाणी लगेच खाली पडले तर ती नळी मोकळी आहे. पन्हळीतच तुंबून राहिले तर ती चोंदली आहे. पन्हळीतून पाणी उतरते, पण बाहेर न पडता खांबाच्या आवरणाखालून पायाशी येते, असे दिसल्यास नळी निसटली किंवा फाटली आहे असे समजावे. चारही कोपऱ्यांची परीक्षा घ्यावी. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा थेट बीडिंगवर मारून काढलेल्या निष्कर्षावर विश्वास ठेवू नये, कारण तेवढ्या दाबाने धडधाकट बीडिंगमधूनही पाणी शिरते. आणि भर मे महिन्यात, केवळ एसी चालवल्यानंतर पुढच्या बाजूचे कार्पेट ओले होत असेल, तर दोष एसीचे पाणी बाहेर नेणाऱ्या नळीत असण्याची शक्यता अधिक. सनरूफला त्यात उगाच बोल लागतो.

नळी फक्त चोंदलेली असेल तर घरची दुरुस्ती सर्वांत सरस आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. शेती-अवजारांच्या दुकानात ग्रास कटरसाठी २.४ मिमी जाडीची नायलॉनची दोरी मिळते, ती पुरेशी लवचिक असते. तिचे टोक घासून गोल करावे आणि वरून अलगद सरकवावे. अडले तर जोर न लावता थोडे मागे घेऊन फिरवावे. लोखंडी तार नळीला भोक पाडते. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा त्याहून फसवी असते, कारण ती कचऱ्याबरोबर नळीलाही जोडावरून उडवू शकते आणि मग साधे काम मोठे होऊन बसते. काही गाड्यांत नळीच्या खालच्या टोकाला चीर असलेली रबरी टोपी असते. गाळ तिथेच अडकतो आणि ती बोटांनी दाबली की काळे पाणी भसकन बाहेर येते. शेवटी पन्हळ आणि बीडिंग ओल्या फडक्याने पुसून बीडिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. इंजिन ऑइल किंवा पेट्रोलने रबर फुगते.

निसटलेली नळी, तडकलेली चौकट किंवा खालीवर झालेली काच ही मात्र घरची कामे नव्हेत. नळीपर्यंत पोहोचण्यासाठी छताचे अस्तर आणि खांबांची आवरणे काढावी लागतात, आणि अनेक गाड्यांत पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग नेमक्या तिथेच बसवलेल्या असतात. ओळखीच्या गॅरेजात हे काम सहसा स्वस्तात आणि लवकर होते, मालकासमोर होते. पण गॅरेजवाल्याने त्याच प्रकारच्या गाडीचे अस्तर पूर्वी उतरवले आहे का, हे विचारूनच गाडी द्यावी. सर्व्हिस सेंटरला वेळ आणि पैसा अधिक लागतो. त्याबदल्यात नेमका सुटा भाग मिळतो, आणि वॉरंटी शिल्लक असेल तर तिथेच जाणे शहाणपणाचे. काचेभोवती सिलिकॉन सीलंट भरून देतो म्हणणाऱ्याकडून मात्र गाडी परत आणावी. त्याने सनरूफ जाम होते, नळ्या तुंबलेल्याच राहतात आणि पाणी दुसरी फट शोधते. शिवाय आंबूस वासाचे सीलंट पत्र्यालाही गंज आणते.

कार्पेट वरून कोरडे वाटले तरी त्याखालचा फोम आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो, आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तो आपोआप वाळेल ही आशा व्यर्थ आहे. अनेक गाड्यांत सीटखाली वायरिंगचे जोड आणि कंट्रोल युनिट असतात. फोम दाबल्यावर पाणी येत असेल तर सीट काढून कार्पेट उचलणे भाग आहे. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे असतात, म्हणून ते काम जाणकारालाच द्यावे. विम्यावर भिस्त ठेवू नये, कारण झीज आणि हळूहळू होणारे नुकसान वाहन विम्यात सहसा धरले जात नाही. गॅरेज असो वा सर्व्हिस सेंटर, अस्तर पुन्हा बसवण्यापूर्वी चारही कोपऱ्यांत आपल्यासमोर पाणी ओतून दाखवावे, ही अट गाडी देतानाच जॉब कार्डवर लिहून घ्यावी.