व्हॉल्व्ह काढला तरी गाणं चालूच : फोनो प्रीअँपच्या नावाखाली झालेली फसवणूक

फोनो प्रीअँप, म्हणजे रेकॉर्डच्या सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवून अँप्लिफायरला देणारा डबा, विकणारा माणूस "आवाज खुलायला दोनशे तास जाऊ द्या" असं सांगू लागला, की आधी माल परत करायची मुदत कधी संपते ते बघा. मलाही हेच सांगण्यात आलं. ती मुदत उलटेपर्यंत तो माणूस माझ्या प्रत्येक तक्रारीला तत्परतेने आणि अगदी गोड शब्दांत उत्तर देत होता. मुदत उलटली आणि फोन उचलणं बंद झालं. पैसे आजतागायत परत मिळालेले नाहीत. तोच डबा आता नाव बदलून, पुढची पट्टी वेगळ्या रंगाची लावून पुन्हा विकायला आला आहे, म्हणून सगळं तपशीलवार लिहिते आहे.

या उपकरणात फसवणं सोपं का जातं, ते आधी समजून घ्यायला हवं. टर्नटेबलचा प्लॅटर डगमगतोय का, आर्म मोकळा फिरतोय का, हे डोळ्यांना दिसतं. फोनो प्रीअँपचं सगळं काम बंद डब्यात चालतं. सुई ज्यात बसवलेली असते त्या कार्ट्रिजचे दोन मुख्य प्रकार: एकात चुंबक हलतं, दुसऱ्यात तारेची गुंडाळी. पहिल्यातून, म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून, साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट येतात, कमी आउटपुटच्या मूव्हिंग कॉइलमधून तर ०.२ ते ०.५ मिलिव्होल्टच. अँप्लिफायरच्या साध्या इनपुटला काहीशे मिलिव्होल्ट लागतात. म्हणजे पहिल्यासाठी शंभर पट, ४० डेसिबल, आणि दुसऱ्यासाठी हजार पट, ६० डेसिबल वाढ हवी. दुसरं काम याहून नाजूक. रेकॉर्ड कापताना खर्जाचा भाग मुद्दाम दाबतात आणि तार भाग उचलतात. नाहीतर खोबणी फार रुंद होतील आणि बारीक आवाज पृष्ठभागाच्या खरखरीत बुडून जातील. वाजवताना हे सगळं बरोबर उलटं करावं लागतं. पूर्वी प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा असे. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने, आरआयएएने, १९५४ मध्ये एक वक्र, म्हणजे कुठल्या स्वराला किती वाढ-घट याचा आलेख, ठरवून दिला आणि पुढे तोच सर्वत्र रूढ झाला. त्यानुसार १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे १९.३ डेसिबल वाढ आणि २०,००० हर्ट्झला १९.६ डेसिबल घट व्हायला हवी.

हा वक्र चुकला तरी गाणं वाजतंच. जरा जाड, जरा मऊ, एवढाच फरक. आणि त्या मऊपणालाच विकणारा "व्हॉल्व्हचा उबदारपणा" म्हणतो. व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीची काचेची नळी, तापल्यावर काम करणारी.

माझं कार्ट्रिज ०.४ मिलिव्होल्टचं, मूव्हिंग कॉइल. जाहिरातीत लिहिलं होतं: पूर्ण व्हॉल्व्ह सर्किट, आत सिग्नल वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर, हाताने जुळवलेले भाग, आणि सिग्नल-टू-नॉइज, म्हणजे गाणं आणि खरखर यांच्यातलं अंतर, १२० डेसिबल. हा शेवटचा आकडा फोनो प्रीअँपच्या बाबतीत शक्यच नाही. कार्ट्रिजच्या कॉइललाच स्वतःची औष्णिक खरखर असते. प्रामाणिक उत्पादक बहुतेक वेळा ऐंशीच्या आसपासचे आकडे देतात, आणि किती मिलिव्होल्टच्या संदर्भाने मोजलं तेही लिहितात. आतला फोटो मागितला तेव्हा उत्तर आलं, "मॅडम, डिझाइन आमचं स्वतःचं आहे, लोक चोरतात." झाकणाच्या स्क्रूवर 'उघडल्यास वॉरंटी रद्द' असं स्टिकर होतं. पैसे थेट खात्यावर भरले तर सूट, असंही त्यानेच सुचवलं. ही सूट कशासाठी असते ते नंतर कळतं: मधल्या विक्री-व्यवस्थेकडे तक्रार करण्याची वाट तिथेच बंद होते.

डबा आला तो चांगला जड. दोन व्हॉल्व्ह पुढे नारिंगी प्रकाशात उजळलेले. आवाज मात्र दबका, शांत जागी सतत सूंऽऽ अशी खरखर, आणि झांजांची धार गेलेली. पहिल्या तक्रारीवर उत्तर: शंभर तास वाजवा. मग: दोनशे तास, आणि बंद करू नका. मग: केबल बदला. मग: अर्थिंग तपासा. शेवटी: "तुमच्या कानांना ट्रान्झिस्टरच्या कोरड्या आवाजाची सवय झाली आहे." यातलं प्रत्येक उत्तर तपासायला वेळ लागेल असंच होतं आणि एकही त्याला अडचणीत आणणारं नव्हतं. नवं उपकरण थोडं वाजल्यावर किंचित बदलत असेल, तो वाद मी इथे घालत नाही. पण काही डेसिबलची चूक तासांनी भरून निघत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणारे ओळखीचे एक जाणकार आहेत, त्यांच्याकडे डबा नेला. त्यांनी स्क्रूड्रायव्हर हातातही घेतला नाही. नुसतं बटण दाबलं आणि म्हणाले, "हा व्हॉल्व्ह वाजत नाहीये." आवाज बटणासरशी आला होता. व्हॉल्व्हचं फिलामेंट, म्हणजे आतली तापणारी तार, तापायला पंधरा-वीस सेकंद तरी जातात. सिग्नल खरोखर त्यातून जात असेल तर तोवर काही ऐकूच येणार नाही.

मग झाकण काढलं. तळाला गोंदाने चिकटवलेली लोखंडी पट्टी. सगळं वजन तिचंच. व्हॉल्व्हच्या सॉकेटला फक्त फिलामेंटच्या तारा आलेल्या होत्या. सिग्नल ज्यांतून जायला हवा त्या अॅनोड आणि ग्रिडच्या पिना कोऱ्या, त्यांना शिसं कधी लागलेलंच नव्हतं. आत कुठेही उच्च दाबाचा पुरवठा नाही हे मोजून खात्री केल्यावर त्यांनी चालू गाण्यात एक व्हॉल्व्ह उपसला. दुसराही विझला, कारण दोघांची फिलामेंट एकामागोमाग जोडलेली. गाणं चालूच राहिलं. आणि रिकाम्या सॉकेटच्या मधोमध बसवलेला नारिंगी एलईडी तसाच जळत होता! माझ्या फोनमध्ये त्याची चित्रफीत आहे. ती विक्रेत्याला पाठवली, त्याने ती बघितल्याची खूणही आली, उत्तर आलं नाही.

ट्रान्सफॉर्मर म्हणून जो गोल पत्र्याचा डबा होता, त्याच्या पिनांवर मल्टिमीटर लावला. खऱ्या स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला काही ओहम आणि दुसऱ्या बाजूला काहीशे ओहम तरी रोध दिसतो. इथे सर्किट खुलं. आत तार नव्हतीच, नुसतं राळेसारखं काहीतरी ओतलेलं. मूव्हिंग कॉइलचं बटण एका साध्या ऑपअँपचा, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या तयार चिपचा, वाढ ठरवणारा फीडबॅक रोध बदलत होतं, एवढंच. चिपवर नावाजलेल्या कंपनीचा महागडा नंबर होता. अॅसिटोनचा बोळा फिरवल्यावर अक्षरं उतरली आणि खाली घासल्याच्या समांतर रेघा दिसल्या.

ऑपअँप असणं हा गुन्हा नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. ५५३२ सारख्या स्वस्त चिपवर बनवलेले उत्तम मूव्हिंग मॅग्नेट प्रीअँप कितीतरी आहेत, आणि माझी तक्रार स्वस्त असण्याबद्दल नाहीच. जे आहे ते सांगून विकलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. पण ०.४ मिलिव्होल्टच्या सिग्नलला अशा चिपची स्वतःची खरखर जड जाते, आणि तीच मला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होती.

शेवटी वक्र मोजला. संगणकातून वेगवेगळ्या स्वरांचे सिग्नल काढले, दोन रोधांचा विभाजक लावून ते मिलिव्होल्टपर्यंत खाली आणले, आणि बाहेर काय येतं ते पाहिलं. १०० हर्ट्झला १३.१ डेसिबल वाढ हवी. इथे तीनेक डेसिबल जास्त. १०,००० हर्ट्झला १३.७ घट हवी. इथे त्याहून चारेक डेसिबल अधिक. शिवाय डाव्या-उजव्या बाजूंत एक डेसिबलहून जास्त फरक. 'हाताने जुळवलेले भाग' म्हणतात ते हे.

मोजमापाची साधनं नसली तरी घरी बरंच तपासता येतं, आणि ते मुदतीच्या आत, पहिल्या एक-दोन दिवसांतच करा. बटण दाबल्यापासून आवाज येईपर्यंत किती वेळ जातो ते बघा. रेकॉर्ड न लावता, आवाजाची कळ नेहमीच्या जागी ठेवून खरखर ऐका. अर्थची तार नीट जोडूनही घुमणारा हम राहिला तर ती तक्रार त्याच दिवशी लेखी करा, फोनवर नको. एकच ध्वनिमुद्रण रेकॉर्डवर आणि डिजिटल स्वरूपात असेल तर दोन्ही सारख्या पातळीवर आलटून पालटून ऐका. मास्टरिंग वेगळं असू शकतं, त्यामुळे एका रेकॉर्डवर निकाल देऊ नका, पण प्रत्येक रेकॉर्ड त्याच पद्धतीने मंद वाटत असेल तर डब्यावर संशय घ्यायला जागा आहे. घेण्याआधी मूव्हिंग मॅग्नेटसाठी इनपुटच्या ४७ किलोओहम रोधासोबत कपॅसिटन्स किती पिकोफॅरड आहे ते विचारा. खरा बनवणारा हे झटकन सांगतो, कारण वेगवेगळ्या कार्ट्रिजना वेगवेगळं लागतं. माझ्या विक्रेत्याने "ऑटोमॅटिक आहे" असं उत्तर दिलं होतं.

झाकण मात्र स्वतः उघडू नका. खऱ्या व्हॉल्व्ह प्रीअँपमध्ये बहुतेक वेळा दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ टिकतो. जाणकाराकडे न्या.

सध्या फिरत असलेला डबा ओळखायचा असेल तर: पुढे दोन छोटे व्हॉल्व्ह, बटण दाबताक्षणी दोन्ही एकसारखे नारिंगी, मागे गोल पत्र्याचा काळा डबा, आणि त्या डब्यावर ना ट्रान्सफॉर्मर किती पट वाढवतो ते गुणोत्तर लिहिलेलं ना कुठला नंबर.