टंगस्टनची डॉली: पंखाचा पत्रा लावायच्या आधीच घ्या

आमच्या आरव्ही-७ च्या, म्हणजे किट आणून घरीच बांधत असलेल्या छोट्या विमानाच्या, डाव्या पंखाचे खालचे दोन्ही पत्रे गेल्या महिन्यात लागले. रिव्हेट ठोकायची हवेची गन नवऱ्याच्या हातात आणि पंखाच्या आत हात माझा, अशी आमची वाटणी आहे, त्यामुळे डॉलीबद्दल, म्हणजे रिव्हेटच्या मागे आतून टेकवायच्या धातूच्या ठोकळ्याबद्दल, मीच लिहिलेलं बरं. याच पंखाचे वरचे पत्रे मी पोलादी डॉलीनं केले आणि खालचे टंगस्टनच्या. दोन्हीकडे टंगस्टन असती तर कितीतरी रिव्हेट ड्रिलनं काढायचा त्रास वाचला असता.

इथे अमेरिकेत हिला बकिंग बार म्हणतात. माझ्या तोंडात मात्र डॉलीच बसलं आहे. बाबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये बॉडी सेक्शनला होते. लाल गाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बाहेरून एकजण गन चालवायचा आणि आत दुसरा डॉली धरून बसायचा. बाबा आतले. “गन कुणीही चालवेल, रिपीट डॉलीवाला बसवतो,” असं ते म्हणायचे. रिपीट म्हणजे रिव्हेटच. त्या आवाजानं त्यांचा एक कान गेला, म्हणून आमच्या गॅरेजमध्ये कानावर मफ चढवल्याशिवाय हवेचा कॉक उघडत नाही.

पंखाच्या पत्र्याला एएन४२६ जातीचा सपाट डोक्याचा रिव्हेट लागतो. दांडी ३/३२ इंच, म्हणजे जेमतेम २.४ मिलिमीटर. भोकाला आधी डिंपल, म्हणजे खळगा, पाडलेला असतो, त्यात डोकं पत्र्याच्या बरोबरीनं बसतं. बाहेरून गन ठोके देते, आतून दांडीच्या टोकाला डॉली टेकलेली असते, आणि दांडी चेपून तिथे दुसरं डोकं तयार होतं. ते दांडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं, म्हणजे साधारण ३.६ मिलिमीटर रुंद आणि १.२ उंच.

हे सगळं साधतं ते डॉली जागची हलत नाही म्हणून. हलकी डॉली प्रत्येक ठोक्याला उसळते. मग ठोके जास्त लागतात, आणि ठोके खाऊन खाऊन रिव्हेट कडक होत जातो. तेवढ्यात गनचा सेट, म्हणजे डोक्यावर टेकणारं तोंड, जरासा घसरला की पत्र्यावर चंद्रकोर उमटते. आमच्या वरच्या पत्र्यावर अशा तीन चंद्रकोरी आहेत. रंग दिल्यावर कुणाला दिसणार नाहीत, पण मला त्यांच्या जागा पाठ आहेत.

ती पोलादी डॉली एका ऑनलाइन विक्रेत्याच्या हत्यारांच्या संचातून आली होती. कडा मोडलेल्या, म्हणजे घासून बोथट केलेल्या, नव्हत्या. पहिल्याच संध्याकाळी तिनं एका रिबवर, म्हणजे पंखाच्या आतल्या फासळीवर, ओरखडा काढला, नखाला लागेल इतका. ॲल्युमिनियमवरचा ओरखडा म्हणजे पुढे तडा जायला आयती जागा. तो घासून गुळगुळीत करण्यात रात्र गेली. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं की कडा मोडून घेणं गिऱ्हाइकाचं काम. मला ते पटलं नाही. विमानाच्या कामाचं हत्यार म्हणून विकायचं, तर ते विमानाच्या पत्र्याजवळ न्यायच्या लायकीचं असायला हवं.

टंगस्टनची डॉली जुलैत ऑशकॉशच्या विमानांच्या मेळाव्यात घेतली, हातात धरून बघून. एक इंच बाय एक इंच, लांबी साडेतीन इंच. फळा पुसायच्या डस्टरपेक्षा लहान, आणि वजन किलोला थोडंसं कमी! त्याच मापाची पोलादाची साडेचारशे ग्रॅम भरेल. शुद्ध टंगस्टन सोन्याइतकं जड असतं. ही मिश्रधातूची आहे, नव्वद टक्क्यांच्या आसपास टंगस्टन आणि बाकी निकेल वगैरे. कडा गोलसर, दोन बाजू आरशासारख्या पॉलिश केलेल्या. पॉलिशकडे नक्की लक्ष द्या, कारण डॉलीच्या तोंडावर जो खरखरीतपणा असेल तो जसाच्या तसा रिव्हेटच्या डोक्यावर उठतो.

खालचा पत्रा हे या विमानातलं सगळ्यात अवघड रिव्हेटिंग, असं मला वाटतं. वरचे पत्रे मारताना पंख मागून उघडा असतो, बघून काम करता येतं. खालचा पत्रा मात्र पंख बंद करतो. एका कोपऱ्यातून सुरुवात करायची, पत्र्याची उरलेली बाजू उचलून धरायची, त्या फटीतून हात कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंत आत घालायचा आणि न बघता काम करायचं. आधी तर्जनीनं रिव्हेटची शेपटी शोधायची. मग डॉली अलगद टेकवायची, आणि ती तिरकी नाही ना हे अंगठ्यानं एका बाजूनं आणि मधल्या बोटानं दुसऱ्या बाजूनं चाचपायचं. मग मी “धरलं” म्हणते, तो “मारतो” म्हणतो, आणि त्यानंतरच ट्रिगर. हा क्रम चुकला, डॉली नसताना गन चालली, तर पत्र्याला पोचा आलाच.

पोलादी डॉलीच्या वेळी गन लांबलचक चालायची आणि मनगट झिणझिणत राहायचं. टंगस्टनवर हवा तीच, सुमारे ४० पीएसआय दाबाची, पण एक छोटा झटका आणि संपलं. पहिल्या रिव्हेटला मला वाटलं, बसलाच नाही. छोटा आरसा आत घालून बघितलं तर डोकं गोल, मधोमध, आणि गेजमध्ये चपखल. मी नवऱ्याला हाक मारून तो आरसा दाखवला, आणि आम्ही दोघं थोडा वेळ त्या एका रिव्हेटकडेच बघत बसलो.

वरच्या पत्र्यांना एका संध्याकाळी पाच-सहा रिव्हेट तरी काढावे लागायचे. खालच्या दोन्ही पत्र्यांवर मिळून अकरा निघाले. त्यातल्या एका ठिकाणी ड्रिल भटकून भोक मोठं झालं आणि तिथे ऊप्स रिव्हेट घालावा लागला, म्हणजे दांडी जाड पण डोकं लहान असलेला. पंख बंद करण्याआधी ईएएचे, म्हणजे घरी विमानं बांधणाऱ्यांच्या संघटनेचे, टेक्निकल काउन्सेलर येऊन गेले होते. ते स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. त्यांनी आतल्या रांगांवरून बोट फिरवलं आणि वरच्या पत्र्याचे दोन रिव्हेट बदलायला सांगितले. दोन्ही पोलादी डॉलीच्या काळातले.

आता न आवडलेल्या गोष्टी. किंमत दीडशे डॉलरच्या वर गेली, आणि एवढ्याशा तुकड्याला ती बोचते. तासाभरानंतर मनगट भरून येतं, आम्ही पाळी ठरवून थांबतो. मागच्या स्पारजवळ, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मागच्या तुळईजवळ, पंख निमुळता होतो, तिथे एक इंच जाडी आत जातच नाही. तेवढ्यासाठी मी जुन्या पोलादी डॉलीच्या कडा मोडून, पॉलिश करून ती पुन्हा वापरली. म्हणजे ही घेतली तरी दुसरी बारीक डॉली लागतेच. काँक्रीटवर एकदा पडली आणि एका कोपऱ्याचा टवका उडाला. तेव्हापासून मधल्या भागाला कापडी चिकटपट्टी गुंडाळते, पकड बसते आणि रिबला धातू लागत नाही. आणि आमच्या मिलवॉकीच्या थंडीत ती अशी गार पडते की हातमोजातूनही बोटं बधिर होतात. रात्री मी ती स्वयंपाकघरात पोळपाटाशेजारी आणून ठेवते.

जिथे स्क्वीझर, म्हणजे रिव्हेट दाबून बसवणारा चिमटा, पोचतो तिथे स्क्वीझरच वापरा, कडेच्या रिव्हेटसाठी डॉली नको. पण पंखाच्या मधल्या रांगांना दुसरा इलाज नाही, आणि तिथे ही डॉली पैसे वसूल करते. नुसतं विमानाच्या शेपटाचं किट आणलं असेल तर घाई करू नका. पंखाचं खोकं आलं की मात्र पहिला क्लेको, म्हणजे पत्रे तात्पुरते धरून ठेवणारी क्लिप, लावायच्या आधी डॉली मागवा.

बाबांना मी व्हिडिओवर सगळं दाखवलं. चारकोपच्या गच्चीवर अमोल यादवांनी बांधलेलं विमान त्यांनी २०१६ मध्ये मुंबईत बीकेसीच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मुद्दाम जाऊन पाहिलं होतं. घरी विमान बांधता येतं यात त्यांना नवल वाटत नाही, ते थेट रिव्हेटच्या रांगा बघतात. “बाबा, तुम्ही धरणार का उजव्या पंखाला?” असं विचारलं, तर त्यांनी डॉलीची मापं विचारून कागदावर चित्र काढून ठेवलं. मे महिन्यात ते इथे येतील. एक इंच जाडी त्यांच्या हाताला पुरेल का, एवढीच त्यांना शंका आहे.