नौपाड्यातल्या फ्रेमवाल्याकडे ब्रिजेट रायलीचं प्रिंट दिलं, त्याचा रिव्ह्यू

देवाच्या फोटोचं माउंट (फ्रेमच्या आतली पुठ्ठ्याची चौकट) अर्धा सूत तिरकं कापलं गेलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही, पण ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायलीच्या 'मूव्हमेंट इन स्क्वेअर्स'ला तसं झालं तर लगेच डोळ्यात खुपणार, म्हणून हे प्रिंट कुठेही टाकायचं नव्हतं. १९६१ चं चित्र आहे, नुसते काळे-पांढरे चौकोन, उंची सगळ्यांची सारखी, रुंदी मात्र कमी कमी होत जाते आणि मध्याच्या जरा उजवीकडे पार रेघा होतात, त्यामुळे सपाट कागद तिथे आत दुमडल्यासारखा वाटतो. फ्रेमवाल्या काकांनी टेबलावर उघडलं आणि म्हणाले, "अहो, हे हलतंय!" म्हटलं तेच तर काम आहे बाईंचं.

मला वाटलेलं मॅट काच बेस्ट, कारण मूळ चित्र टेम्पराचं, म्हणजे अजिबात चकाकी नाही. काकांनी मॅट काचेचा तुकडा प्रिंटवर ठेवला, छान दिसत होतं, मग बोटभर वर उचलला आणि काळ्याच्या कडा धुरकट झाल्या. माउंट घातलं की काच कागदापासून लांब जाते, मग थोडं का होईना असंच होणार, तेव्हा साधी काच लावा आणि खिडकीच्या समोरच्या भिंतीवर टांगू नका, म्हणाले. साधी काच स्वस्त, तरी स्वतःहून सांगितलं, हे आवडलं.

गप्पांमध्ये मी सांगितलं की रायली आधी छोटी स्टडीज, म्हणजे तयारीची चित्रं करते, मोठं चित्र साठच्या दशकापासून असिस्टंट रंगवतात, तेही मास्किंग टेप न लावता, हाताने. काका जरा गप्प झाले आणि कापलेलं माउंट बाजूला टाकून दुसरं कापलं, मी काहीच बोललो नव्हतो. १९६५ ला न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममधल्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली तेव्हा तिच्या डिझाइनचे कपडे दुकानांत आले, तिला न विचारता, भयंकर चिडली होती ती. (तसल्या प्रिंटची कुशन कव्हरं आजही विकतात, मला बघून कसंतरी होतं.) १९६८ ला व्हेनिस बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) तिला पेंटिंगचं आंतरराष्ट्रीय बक्षीस मिळालं, ते मिळवणारी पहिली बाई. तिची रंगीत पट्ट्यांची चित्रं त्याच सुमाराची, पण मला काळं-पांढरंच जास्त आवडतं.

काम एक नंबर. काळी बारीक पट्टी, कोपऱ्यात फट नाही, मागे हार्डबोर्ड, कडेने टेप आणि खालच्या कोपऱ्यांना रबराची बटणं, म्हणजे पावसाळ्यात भिंतीची ओल थेट लागत नाही. अठराशे घेतले, पट्टीच्या फुटावर रेट आहे, आधी विचारून घ्या. तारखेच्या बाबतीत मात्र बोंब आहे, "उद्या नक्की" दोनदा ऐकलं, फोनही उचलत नाहीत, आणि गणपतीच्या आधी तर देऊच नका. स्टेशनपासून चालत जा, गाडी लावायला जागा नाही.